कोरे बूट

श्रावण तोंडावर आला की माझा फोन वाजायला लागायचा. पाऊस कसा आहे, तब्येत कशी आहे, असं इकडचं तिकडचं झालं की माणूस हळूच मुद्द्यावर यायचा. "मॅडम, नागद्वारले चाललो यंदा. बूट कोणते घेऊ?" वीस वर्षं मी सुट्टीच्या दिवशी माणसं गोळा करून डोंगर चढत आले. ऑफिसात फायली आणि बाहेर टेकड्या, एवढाच माझा संसार. त्यामुळे बुटांच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, असं लोक समजत. खोटं कशाला बोलू, मीही समजत होते.

चार वर्षांपासून ते फोन बंद झाले. माहीत असलेले विचारत नाहीत. यंदा मात्र आमच्या ऑफिसात नव्यानंच बदलून आलेल्या एका मुलीनं, रश्मीनं, केला. तिचे वडील पहिल्यांदाच नागद्वारला निघालेत. "तुम्हाले बुटांचं लय समजते म्हणून सांगितलं सगळ्यांनी," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी बुटांचं काही सांगत नाही आता," आणि फोन ठेवून दिला. तिची काही चूक नव्हती. नंतर बराच वेळ मी खिडकीशी उभी होते. समोरच्या घराच्या पत्र्यावर पाऊस पडत होता आणि मला माझी लाज वाटत होती.

नागद्वार म्हणजे पचमढीच्या डोंगरातली वाट. नागपंचमीच्या आगेमागे थोडे दिवस ते जंगल यात्रेसाठी उघडतं, आणि आमच्याकडची माणसं जीप, बस, मिळेल ते वाहन धरून तिकडे धावतात. उतार असा की गुडघे बोलायला लागतात. चढाला लोखंडी शिड्या, त्यांच्या पायऱ्यांवर चिखल, वरून पाऊस. मध्येमध्ये ताडपत्रीखाली गरम पुऱ्या आणि भाजी वाढणारी माणसं, ओल्या कपड्यांचा आणि तळणाचा एकत्र वास. धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, नुसता त्याचा जयघोष ऐकू येतो. मी सहलीच्या हौसेनं तीनदा गेले. माझा भाऊ मात्र देवाच्या ओढीनं जायचा, वर्षानुवर्षं, आणि जायचा चपलेवर. एकदोनदा तर चप्पल चिखलात गेली म्हणून अनवाणी परत आला होता.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आम्ही कोष्टी. वडिलांचा माग होता. खड्ड्यात पाय सोडून ते दिवसभर विणत बसायचे. दादाच्या हाती माग आला तोवर लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मग तो कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे धान्याच्या मापाला लागला. तिथे चण्याचे, तुरीचे ढीग लागलेले, आणि धान्याला चप्पल लागू नये म्हणून हा दिवसभर अनवाणी. घरी आला की पायाच्या बोटांमधून सोयाबीनचे दाणे निघायचे. टाचा अशा झाल्या होत्या की त्यांच्यावर काडेपेटी ओढली असती तरी पेटली असती. आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो. तो हसायचा. तो कशावरही हसायचा, आणि कशालाही बरं म्हणायचा. भाजीत मीठ नसलं तरी बरी, पंखा बंद पडला तरी हवा बरी.

त्याला शुगर निघाली तेव्हा घरात मीच पहिली घाबरले. शुगर असलेल्या माणसानं पाय जपावे, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं. एवढंच वाचलं होतं. म्हणून त्या वर्षी मी ठणकावलं की चपलेवर जायचं नाही, नीट डोंगरातले बूट घ्यायचे, आणि ते मी निवडणार. तो म्हणाला, "काहून वं? इतके वर्षं गेलो तर काय झालं?" पण मी ऐकणाऱ्यातली नव्हते.

सीताबर्डीच्या दुकानात मी त्याला मुद्दाम संध्याकाळी नेलं. दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. सकाळी घेतलेला बूट चढावर आवळतो. हे मी दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेतानं दादाला सांगत होते. मोजे घरून आणले होते, कारण बूट पाहायचा तो मोज्यासकट. बुटाचा तळ वाकवून पाहिला: बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध वाकला तर तो घडी घालायचा बूट, चालायचा नाही. पाणी आत येऊ न देणारे म्हणून एक महाग जोड दुकानदार पुढे करत होता. मी त्याला समजावलं की नागद्वारच्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून शिरतं, आणि असला बूट मग ते बाहेरही जाऊ देत नाही. जाळीचा घ्यावा, भिजतो तसा निथळतो. तळाला खोल खाचा, टाच घट्ट, पुढे अंगठ्याएवढी जागा. मी रंगात आले होते. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपले बूट बाजूला ठेवून माझंच ऐकत होती. मला आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

दादाला मी एकेक जोड घालायला लावत होते आणि विचारत होते, "लागतंय का कुठे?" तो प्रत्येकाला म्हणत होता, "नाही. मस्त आहे." मध्ये दुकानातल्या माणसानं चुकून सात नंबरचा जोड दिला. दादानं तो कसाबसा ओढून चढवला, चार पावलं चालला आणि म्हणाला, "हाच द्या. बरा आहे." दुकानातला माणूस हसायला लागला. "काका, हा सात नंबर होय. तुमचा पाय नऊचा. बोटं दुमडून गेले असतीन ना आतमध्ये." दादा खाली पाहत राहिला. मग तोही हसला. मीही हसले. दादाला काय, काहीही चालतं, असं मी त्या माणसाला कौतुकानं सांगितलं.

चालून दाखवण्यापेक्षा मोठी परीक्षा बुटाच्या दुकानात नसते, आणि ती परीक्षा माझ्या डोळ्यांदेखत झाली होती. पायाची बोटं दुमडून कोंबली गेली तरी एका माणसाला कळलं नव्हतं. मी बुटाकडे पाहत होते.

निघताना मी त्याला बजावलं की हे बूट रोज घालून फिरायचं. आधी घरात, मग गल्लीत, मग तलावापर्यंत. नवा बूट चावतोच. तो घरी चावून घेऊ द्यायचा म्हणजे डोंगरात चावत नाही. तो "हाव" म्हणाला. पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेले तर बूट खोक्यातच होते. खोकं गोदरेजच्या कपाटावर, आणि खोक्यावर हळदीकुंकवाचं बोट. बूट म्हणून देवघरात ठेवले नव्हते, पण ते कपाट देवघरासमोरच होतं. वहिनी म्हणाली, "चामड्याचे नाहीत म्हणले होते ना तुम्ही? मंग ठेवले. महादेवाच्या वाटेवर जायचं तर कोरेच बरे. एकडाव गल्लीत घातले की उष्टे झाले."

कोरं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा शब्द होता. मागावरून उतरलेलं, पाणी न लागलेलं, घडी न मोडलेलं ते कोरं. त्याला खळीचा वास असतो. वडील कोरं लुगडं हातावर घेऊन आधी देवापुढे न्यायचे, मग व्यापाऱ्याकडे. देवीला नेसवायचं ते कोरं, नवरीच्या ओटीत घालायचं ते कोरं, आणि माणूस गेला की त्याच्या अंगावर घालायचं तेही कोरंच. वापरलेली वस्तू माणसांची, कोरी वस्तू देवाची, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. सुतासारखं ते घरात पडलेलं असायचं.

आणि बुटाचा मोठ्यात मोठा दोष म्हणजे त्याचं कोरं असणं. हे मला माहीत होतं. त्या दुकानात मी परक्या लोकांना शिकवत होते. पण त्या दुपारी वहिनीसमोर, त्या कुंकवाच्या बोटासमोर, माझं तोंड उघडलं नाही. देवाच्या नावानं बाजूला ठेवलेली वस्तू खाली काढ आणि संडासापर्यंत घालून जा, असं कोष्ट्याच्या घरात कोण म्हणणार? खरं सांगायचं तर मला भरून आलं होतं. दादानं माझ्या बुटांना एवढा मान दिला याचा मला आनंद झाला होता. मी खोक्याचा फोटो काढला आणि आमच्या डोंगरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एकानंही विचारलं नाही की अजून घातले का नाहीत. डोंगर चढणारी सगळी शहाणी माणसं होती ती.

मोज्यांचंही तेच. मी दिलेले नायलॉनचे मोजे त्यानं नेले नाहीत. "सुताच्या घरचा माणूस मी, अन् नायलॉन घालू?" सुती मोजा भिजला की सुकत नाही, कातडीला घासत राहतो. पण सुताविरुद्ध त्याला समजावणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. रेंज तुटत होती, मागे घंटा आणि गर्दी. दर्शन झालं होतं, तो उतरून आला होता. मी पहिलं विचारलं ते पायाचं. तो म्हणाला, "काहीच दुखून नाही राहिलं वं. चपलीत तरी खडा टोचे, यात तर तेही नाही. लय भारी बूट घेऊन दिले तू." दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नागपंचमी. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून मी पुरणाचे दिंड उकडत होते. पाटावर नागाचं चित्र काढलं, दूध-लाह्या ठेवल्या, आणि कोणाला डसू नको म्हणून हात जोडले. हात जोडत होते तेव्हा दादा बसमध्ये होता. त्याच्या पायात ते बूट होते.

वहिनीला आधी फरशीवर डाग दिसले. दादा दारात बूट काढून आत आला आणि मागे तांबूस ठसे उमटत आले, तेही एकाच पायाचे. तिला वाटलं बाहेरून चिखल आणला. तिनं पुसले. परत उमटले. मोजा काढला तेव्हा मधल्या दोन बोटांची कातडी त्याच्यासोबत आली. दादा शांतपणे पाहत होता, जसा काही शेजाऱ्याचा पाय होता. हळद भरली, फडकं बांधलं, आणि तो दोन दिवस कळमन्यालाही जाऊन आला, अनवाणी, धान्यावर. मला कोणी कळवलं नाही. दुखतच नव्हतं तर कळवायचं काय? तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि खोलीत वास येऊ लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात एका टोकाला जाड नायलॉनचा तंतू लावलेली काडी होती. "लागलं की हो म्हणा काका," असं म्हणून त्या तळव्याला एकेका ठिकाणी तो तंतू टेकवू लागल्या. अंगठ्याला टेकवला. करंगळीला टेकवला. तळव्याच्या मध्यावर, टाचेच्या कडेवर. तंतू वाकेपर्यंत दाबत होत्या. दादा डोळे मिटून, आज्ञाधारकपणे, वाट पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर शाळेतल्या पोरासारखी तयारी होती, की लागलं रे लागलं की हो म्हणायचं. मग त्यांनी दुसरा पाय घेतला, चांगला. तिथेही तो गप्पच. शेवटी त्यानंच विचारलं, "सुरू केलं का मॅडम?"

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. पायऱ्यांवर ओल्या छत्र्या ठेवल्या होत्या. मला सात नंबरचा जोड दिसत होता आणि माझं हसणं ऐकू येत होतं.

आधी दोन बोटं काढली. मग पाऊल. मग गुडघ्याखाली वीतभर ठेवून उरलेलं. प्रत्येक वेळी डॉक्टर सांगत की सडणं आता थांबेल. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो घरी आला. बाहेर मुलं लाकडी बैल ओढत नेत होती, आणि आम्ही त्याला खुर्चीसकट उचलून आत घेतलं. त्या दिवशी वहिनी एकदाच बोलली, माझ्याकडे न पाहता. "तुमच्या बुटानं नेला त्यायचा पाय." कोरे कोणी ठेवले, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं, आणि अजून ते खाली गेलेलं नाही. दोघी एकमेकींना चहा देतो, सणाला कुंकू लावतो. आमच्या दोघींमध्ये ते खोकं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बुटांची निवड चुकली नव्हती, बूट चांगलेच होते. हे ऐकून मला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं. चांगला बूट निवडण्याची माझी सगळी विद्या एका प्रश्नावर उभी होती: लागतंय का? ज्याला लागतच नाही त्याच्यासमोर ती विद्या शून्य. आपण आयुष्यभर दुखण्याला शिव्या घालतो, गोळ्या खाऊन त्याला हाकलतो. दादाच्या पायातून ते कधी निघून गेलं हे त्यालाही कळलं नाही. निदान मी असं धरून चालले होते.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर, तो एकदम म्हणाला, "मले माहीत होतं." मी तबक खाली ठेवलं. तो म्हणाला, "बुटाच्या आधीच दोन वर्षं झाले होते वं. चप्पल पायातून निघून जाये अन् मी तसाच पुढे. मांगून लोक आवाज देत. म्हणलं, तुले सांगितलं तर तू नागद्वारले जाऊ देशीन का? नाही देत ना." मी म्हटलं, नसतं जाऊ दिलं. "म्हणून नाही सांगितलं," तो म्हणाला आणि करंजी खाऊ लागला. मला वाटलं होतं की असं काही ऐकायला मिळालं तर माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. मला त्याचा राग आला, फार राग आला, आणि राग धरायला त्या माणसाचा एक पाय कमी होता.

रश्मीचा फोन ठेवून दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच तिला परत फोन केला. बुटांचं काही सांगितलं नाही. म्हटलं, वडिलांना शुगर असेल तर आधी दवाखान्यात ने, पायाला कळतं का ते तपासून घे. त्यांना विचारू नकोस, ते बरं आहे असंच म्हणतील. आणि बूट घेशील ते यात्रेच्या महिनाभर आधीपासून वापरायला लाव, देवाला वापरलेले चालतात. ती म्हणाली, "पण मॅडम, आम्ही तर शनिवारी निघून राहिलो." मी म्हटलं, मग जुन्या चपला घालून ने आणि बसजवळच बसव त्यांना. तिला ते आवडलं नसावं.

रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी दादाकडे जाते. त्याला खाली वाकून स्वतःचं पाऊल नीट दिसत नाही, आणि वहिनीचे डोळे अधू झालेत. म्हणून उरलेला पाय मी पाहते. अंगणात उजेडाला त्याची खुर्ची ठेवते, खाली बसते, पाऊल मांडीवर घेते. तळव्याखाली छोटा आरसा धरते, बोटं एकेक करून वेगळी करते, मधली फट पुसते, टाच दाबते. धाकट्या बहिणीनं पायाला हात लावला की त्याच्या तोंडून आपोआप "सुखी राहा" निघतं. चार वर्षं रोज. पहिल्यांदा आम्ही दोघंही हसलो होतो. आता तो ते शब्द पाऊस किती पडला या सुरात म्हणतो, आणि मी हं म्हणून पुढचं बोट पाहते.

आज पाऊस उघडला होता. रस्त्यावरून यात्रेची जीप गेली, टपावर बोचकी बांधलेली, आतून जयघोष. दादानं मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मी अंगठा पाहिला, त्याच्या शेजारचं बोट पाहिलं. करंगळी बाजूला केली आणि फडकं फिरवलं. फडक्यावर पिवळट ओल आली. मी आरसा जवळ नेला. करंगळीच्या मुळाशी तुरीच्या दाण्याएवढी फोड होती, फुटलेली, आणि तिच्याभोवतीची कातडी लाल नव्हती, काळसर होती.

हात तसाच ठेवला. दादा जीपच्या दिशेनंच पाहत होता. त्याला काही कळायचं कारण नव्हतं. मग त्याला माझं गप्प राहणं जाणवलं असावं. त्यानं मान वळवली, पायाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सांग," तो म्हणाला. "मले तर तू सांगशीन तेव्हाच समजन."

मी सांगितलं.